होजिचा: रात्री जेवणानंतर चालेल का, आणि नक्की करायचा कसा?

ओवी_पुणे

नमस्कार मंडळी,

नणंद जपानहून आली, येताना चहाची दोन पाकिटं घेऊन आली. एकात तपकिरी पानं आहेत, दुसऱ्यात नुसत्या काड्या. दोन्ही होजिचाच, म्हणजे भाजलेला जपानी ग्रीन टी, असं ती सांगते. पाकिटांवर सगळं जपानीत, आणि ती स्वतः पक्की कॉफीवाली, त्यामुळे तिचं ज्ञान तिथेच संपतं.

आमच्या घरचा प्रश्न असा. सासऱ्यांना रात्रीचं जेवण झालं की कपभर चहा लागतो. वय पंच्याहत्तरच्या पुढे. चहा घेतला की दोन वाजेपर्यंत टक्क जागे, नाही घेतला तर जेवल्यासारखं वाटत नाही. नणंद म्हणते, होजिचात कॅफिनच नसतं, बाबांना हाच देत जा.

म्हणून विचारते:

१. खरंच कॅफिन नसतं का?
२. करायचा कसा? ग्रीन टीच आहे तर ७०-८० अंशांचं पाणी घ्या असं एकीकडे वाचलं, दुसरीकडे उकळतं घ्या म्हणतात. नणंदेने ८० ला करून दाखवला. वास सुंदर, चव मात्र कोमट पाण्याची.
३. दूध-साखर चालते का? कारण बाबा तो रंग बघून ‘हा काढा कोणाला?’ असंच विचारणार.

यावर जुना धागा असेल तर लिंक द्या, मला सापडला नाही.

चहाटळ

नणंदेने घरात काड्या आणल्या, यात नवल ते काय! (दिवा घ्या, म्हणजे गमतीत घ्या)

मंजिरी_निशिकासाई

ओवी, ते ८० अंश पहिलं विसर. होजिचाला खळखळ उकळलेलंच पाणी.

सेंचाला, म्हणजे नेहमीच्या न भाजलेल्या जपानी ग्रीन टीला, ७०-८० सांगतात त्याला कारण आहे. कडकडीत पाण्यात कॅटेचिनं (पानातली तुरट द्रव्यं) भराभर उतरतात आणि चहा तुरट होतो. पाणी जरा निवलेलं असलं की अमिनो आम्लांची गोडसर चव पुढे राहते. ग्योकुरोसाठी (सावलीत वाढवलेला उंची ग्रीन टी) तर ५०-६० पर्यंत निववतात. होजिचात हा सगळा हिशेब भट्टीतच मोडलेला असतो. साधारण २०० अंशांच्या आसपास पानं भाजली की कॅटेचिनं घटतात, तुरटपणा जातो. ज्या अमिनो आम्लांना सेंचात जपायचं, तीसुद्धा इथे साखरेबरोबर भाजली जाऊन तो खरपूस वास तयार होतो. मग निवलेल्या पाण्याने जपायचं ते काय? आता वासच बाहेर काढायचा आहे, आणि त्याला आधण लागतं.

माझी रोजची रीत: १५० मिलीच्या कपाला ३ ग्रॅम. पान फुलकं असतं, त्यामुळे चहाच्या चमच्याने मापलंस तर फसशील, पोहे खायचा चमचा चांगला शीग लावून घे. वरून आधण ओत, झाकण ठेव, अर्धं मिनिट थांब आणि गाळून टाक, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. पाणी पानांवर साचून राहिलं तर दुसऱ्या खेपेचा चहा बेचव होतो. दुसरी खेप जेमतेम दहा-पंधरा सेकंद. काड्यांना थोडं जास्त, मिनिटभर दे.

किटली वगैरे काही लागत नाही. पातेलं, ताटली आणि बारीक गाळणं पुरे.

खडूसकाका

अर्धं मिनिट? एवढ्यात आमच्याकडे लायटर सापडत नाही.

बाकी चालू द्या. पाच रुपयांच्या चहापत्तीत जे काम होतं, त्यासाठी विमानाने काड्या आणायच्या, ग्रॅम मोजायचे, थर्मामीटर लावायचा. पूर्वी लोक हौसेने कबुतरं पाळायचे, त्यातलाच प्रकार.

मंजिरी_निशिकासाई

काका, उलट आहे. जपानमध्ये होजिचा हा सगळ्यात बिनभपक्याचा चहा. ऑफिसच्या कँटीनमधल्या यंत्राला बटण दाबलं की फुकट येतो. साध्या खानावळीत बसल्याबरोबर न मागता समोर येतो. माझं बाळंतपण इथेच झालं, दवाखान्यात जेवणाच्या ताटाबरोबर हाच असायचा. हिवाळ्यात स्टेशनवरच्या यंत्रातून नारिंगी झाकणाची गरम बाटली काढायची, आधी हात शेकायचे, मग प्यायचा. मोजमाप आणि समारंभ हवे असतील तर ते माच्चाच्या, म्हणजे ग्रीन टीच्या पुडीच्या चहाच्या, खोलीत. होजिचा कुणीही, कधीही, कशातही करतं.

फार्मसीवाला

प्रश्न क्र. १ चं उत्तर सरळ आहे: कॅफिन असतं. ‘कॅफिनमुक्त’ हे विकणाऱ्यांनी चढवलेलं बिरुद.

जपानच्या शिक्षण आणि विज्ञान मंत्रालयाचा अन्नघटकांचा अधिकृत तक्ता आहे. त्यात तयार चहाच्या १०० मिलीमागे कॅफिन असं दिलंय: ग्योकुरो १६० मिग्रॅ, कॉफी ६०, काळा चहा ३०, सेंचा २०, होजिचा २०, बांचा (जून पानांचा साधा ग्रीन टी) १०. होजिचा आणि सेंचा एकाच आकड्यावर आहेत, हे नीट बघा.

टीपकागद

काहीतरी चुकतंय. भाजताना कॅफिन उडून जातं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तसं असेल तर आकडा सारखा कसा?

फार्मसीवाला

उडतं, पण सगळं नाही. १७८ अंशांच्या आसपास कॅफिनची थेट वाफ होते, त्यामुळे भट्टीत थोडं जातंच. पण पान काही तासन् तास भट्टीत नसतं, आणि बाहेर २०० अंश म्हणजे पानाच्या पोटात २०० अंश नव्हे.

तो तक्ता कसा केला तेही बघायला हवं. होजिचा १५ ग्रॅम, ९० अंशांचं ६५० मिली पाणी, अर्धं मिनिट. सेंचा १० ग्रॅम, ९० अंशांचं ४३० मिली पाणी, एक मिनिट. पाण्याला पानाचं प्रमाण जवळपास तेच. सेंचाला दुप्पट वेळ देऊनही आकडा सारखा येतो, शिवाय तक्त्यात दहाच्या पटीत गोळाबेरीज केलेली आहे. म्हणून दोन्हींत काडीचाही फरक नाही, असं मी म्हणणार नाही.

खरा फरक पडतो तो कच्च्या मालाने. कॅफिन कोवळ्या अंकुरात जास्त, जून पानात कमी आणि देठात आणखी कमी. होजिचा बहुतेक वेळा नंतरच्या तोडीच्या जून पानांचा किंवा देठांचा करतात, म्हणून तो सौम्य. पहिल्या तोडीची कोवळी पानं भाजून केलेला महाग होजिचाही मिळतो, तो ‘रात्रीचा’ म्हणून पिऊ नये.

ओवीताई, तुमच्या कामाचं एवढंच: रात्री काड्यांचं पाकीट, १०० मिलीची लहान वाटी, वेळ अर्धं मिनिट. पानांचं पाकीट दिवसा. बाबा लोहाच्या गोळ्या घेत असतील तर गोळी आणि चहा यांच्यात चांगलं अंतर ठेवा, चहातली द्रव्यं लोह शोषू देत नाहीत. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आम्हाला नको.

चहाटळ

‘काडीचाही फरक नाही, असं म्हणणार नाही.’ फार्मसीवाले, प्रणाम स्वीकारा. नकळत झालं असेल तर डबल प्रणाम.

रेवा

कॅफिन शून्यच हवं असेल तर मुगिचा बघा. त्यात चहाचं पान नसतंच, भाजलेल्या जवाचं पाणी असतं. जपानात उन्हाळ्यात घरोघरी फ्रिजमध्ये त्याचा जग भरलेला. आपल्याकडे जव किराणा दुकानात मिळतात, कढईत गडद होईपर्यंत भाजायचे आणि पाण्यात दहा मिनिटं उकळायचे. माझ्या आईला आवडतं.

अश्विन_क्योतो

उशिरा पोचलो. क्योतोत राहतो, त्यामुळे इथे नाक खुपसणं भाग आहे.

खुपसायला नको, नाक आपोआपच जातं म्हणा. इथल्या जुन्या बाजारपेठांत चहावाले दुकानाच्या तोंडाशीच भाजायचं यंत्र ठेवतात. पिंप फिरत असतं, खालून आच, आणि वास पार कोपऱ्यापर्यंत. दुकान दिसायच्या आधी कळतं की आज भाजणी चालू आहे. पाटी लावायची गरजच नाही.

इथेच आणखी एक भावकी आहे, क्योबांचा. मोठी झालेली पानं देठांसकट काढायची, वाफवायची, न वळता वाळवायची आणि जोरदार आचेवर भाजायची. दिसायला थेट झाडाखालचा पालापाचोळा. वास धुराचा, चांगलाच धुराचा. पहिल्यांदा पाकीट उघडणारा माणूस हमखास विचारतो की जवळपास कुणी विडी ओढतंय का. हा क्योतोत घरोघरी मोठ्या किटलीत भरपूर पाण्यात करतात, बराच वेळ मुरवतात, आणि लहान मुलांनाही देतात. सौम्य असतो म्हणून.

होजिचाचा जन्मही इथलाच. १९२० च्या दशकात क्योतोच्या व्यापाऱ्यांनी न खपलेली पानं आणि देठं भाजून विकायला सुरुवात केली, ही सगळीकडे सांगितली जाणारी हकीकत.

मंजिरी_निशिकासाई

कानाझावाचे लोक हे वाचतील तर भांडायला येतील हो. त्यांच्याकडे देठांचा भाजका चहा, कागा बोचा, १९०२ पासून सांगतात. टाकून द्यायची देठं भाजली तर सुगंधी चहा होतो हे तिथे कळलं, आणि स्वस्त म्हणून सामान्य माणसाने उचलून धरलं.

अश्विन_क्योतो

क्योतोकर म्हणतील, देठं म्हणजे काही चहा नव्हे. कानाझावाकर म्हणतील, तुम्ही आमचंच बघून केलंत. आपण पुण्या-मुंबईचे, या वादात न पडलेलं बरं. तसेही आपल्याकडे मिसळीचे वाद पुरेसे आहेत.

मंजिरी_निशिकासाई

पण काड्यांची बाजू मांडायची ती मांडतेच. १९८३ मध्ये शोवा सम्राट (हिरोहितो) वृक्षारोपणाच्या राष्ट्रीय समारंभासाठी इशिकावाला, म्हणजे कानाझावाच्या प्रांतात, आले होते. तेव्हा त्यांच्यासाठी तिथल्या मारुहाची या चहाच्या कंपनीने मुद्दाम पहिल्या तोडीचे देठ निवडून, हलक्या आचेवर भाजून चहा तयार केला. तोवर देठांचा चहा म्हणजे गरिबांचा. त्यानंतर त्याच चहाला ‘सम्राटांना अर्पिलेला’ म्हणून डबे मिळाले, आणि किंमतही.

ओवी, तुझ्या पाकिटातल्या काड्या फिक्या बदामी असतील तर त्या याच घराण्याच्या. काळपट तपकिरी असतील तर साधा, जोरात भाजलेला देठाचा होजिचा. दोन्ही चांगले, फक्त फिक्यांना पूर्ण मिनिट दे.

ओवी_पुणे

फिक्या आहेत! काही काड्या तर मधे फुगून पोकळ झाल्यात. सम्राटांचं ऐकून नणंदेची मान ताठ झाली आहे, आता उतरवणं अवघड.

खडूसकाका

एक शंका. बाजारात ढिगाने ग्रीन टी मिळतो. लोक वजन कमी करायला आणतात, आठवडाभर तोंड वाकडं करून पितात आणि मग तो डबा फडताळात मागे जातो. तो भाजला तर होजिचा होईल का? झाला तर माझा पूर्ण पाठिंबा, कारण आमच्याकडे असे डबे आहेत.

भाजके_पोहे

काका, शेवटी मुद्द्यावर आलात. होतो, आणि चांगला होतो. जपानी घरांतसुद्धा जुना झालेला सेंचा असाच मार्गी लावतात. त्यासाठी होरोकु नावाचं मातीचं भांडं असतं. बसकं, वरून लहान तोंडाचं, आणि त्याची मूठ पोकळ असते. भाजून झालं की मुठीतूनच चहा खाली ओततात. माझ्याकडे ते नाही, मी जाड बुडाच्या पसरट कढईत करतो.

पहिली अट, कढईला फोडणीचा वास नको. जिच्यात रोज हिंग-मोहरी तडतडते तिच्यात भाजलात तर चहाला वरणाचा वास येईल, मग मला बोल लावू नका. दूध तापवायचं जुनं पातेलं चालेल.

कढई कोरडी, मंद आचेवर चांगली तापू द्यायची. मूठभर चहा टाकायचा, जास्त नको, तळाला एकच थर बसेल एवढाच. आणि हात थांबवायचा नाही, रवा भाजतो तसा सतत हलवत राहायचं. आधी ओल्या गवतासारखा वास येतो. मग मिनिटभर काहीच घडत नाही, इथे लोक कंटाळून आच वाढवतात आणि वाट लावतात. थोड्या वेळाने हिरवा रंग पिवळट होतो, कडेने तपकिरी सुरू होते, देठ असले तर टुचकन फुगतात. पांढऱ्या धुराची पहिली बारीक रेघ वर आली की त्याच क्षणी गॅस बंद, आणि चहा लगेच थाळीत पसरायचा. कढईत ठेवलात तर तिच्या उष्णतेवर पुढचा रंग चढतो आणि हवा तिथून दोन पायऱ्या पुढे जातो. एकूण पाच-सात मिनिटांचं काम.

घरचा ताजा भाजलेला लगेच करून प्यावा. त्या वासाला पाकिटातला पोचत नाही, मग ते कितीही लांबून आणलेलं असो.

टीपकागद

डिप बॅग फोडून भाजला तर?

भाजके_पोहे

नको. बॅगेत भुगा असतो. भुगा भाजत नाही, थेट जळतो. अख्ख्या पानाचा घ्या. लिंबू, मध, पुदिना असले वास लावलेलाही नको. कांगड्याचा साधा पानांचा ग्रीन टी वापरून बघा, मस्त होतो.

सातारी_तर्री

+१. केला आणि शेजारच्या काकू विचारायला आल्या की काय भाजताय.

रेवा

पुरुष मंडळी रवा भाजल्याचा दाखला देत आहेत हे वाचून डोळे पाणावले.

भाजके_पोहे

रेवाताई, आमच्याकडचा शिरा खायला या, मग बोलू.

खडूसकाका

तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांनी सोयीस्कर बगल दिली आहे. दूध चालतं की नाही? मी सांगतो: पातेल्यात दूध, पाणी, साखर, ठेचलेलं आलं, दोन वेलदोडे, त्यात तुमचा होजिचा टाका आणि उकळा रटारटा. नाही बाबांना आवडला तर नाव बदलतो.

अश्विन_क्योतो

काका, आलं-वेलची घातल्यावर त्यात होजिचा आहे की पेंढा, हे ओळखून दाखवा. नाव तेव्हा बदला.

प्राजक्त

दूध चालतं. तिकडे होजिचा लाते कॅफेंतून सर्रास मिळतो, आइस्क्रीमही. भाजका वास दुधात टिकतो, सेंचाचा टिकत नाही. पण गोम अशी की नेहमीसारखा पातळ काढून त्यात दूध घातलं तर काहीच लागत नाही. अर्क दाट हवा.

मी असा करते: दीड वाटी दुधाला आठ-दहा ग्रॅम पानं (काड्या नकोत, त्या दुधासमोर टिकत नाहीत). आधी पाऊण वाटी पाण्याला उकळी आणायची, पानं टाकायची, मंद आचेवर दोन मिनिटं. मग दूध. दूध घातल्यावर उकळायचं नाही, कडेला बुडबुडे दिसले की उतरवायचं. गाळून साखर, किंवा गूळ. गूळ घालायचा तर उतरवल्यावर, नाहीतर दूध फाटायची भीती. गुळाबरोबर हा चहा जास्त जमतो, साखर नुसती गोड करते.

मात्र फार्मसीवाल्यांच्या हिशेबाने हा रात्रीचा नव्हे. पानं तिप्पट आहेत.

फार्मसीवाला

बरोबर. दाट लाते पिऊन ‘होजिचा आहे, झोप येईल’ म्हणणं म्हणजे स्वतःचीच समजूत घालणं. पूड घालून करतात त्यात तर अख्खं पानच पोटात जातं.

सातारी_तर्री

रच्याकने (जाता जाता), माझा होजिचा नेहमी मळकट दिसतो आणि वर तवंग येतो. पानं चांगली आहेत, पाणी उकळतं आहे. सोसायटीला बोअरचं पाणी आहे, त्याने होत असेल का?

मंजिरी_निशिकासाई

त्यानेच. जपानचं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असतं आणि हे सगळे चहा त्याच पाण्यावर बेतलेले असतात. जड पाण्यातल्या कॅल्शियमने रंग मळतो, वास दबतो आणि वर साय धरते. फिल्टरचं घेऊन बघ. आईकडे पुण्यात नळाचं पाणी वापरलं की चांगला होतो, टँकर आला त्या दिवशी नाही.

चहाटळ

आणि महाबळेश्वरला राहणाऱ्यांनी काय करायचं? तिथे पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतं. शास्त्रोक्त होजिचा त्यांच्या नशिबातच नाही का?

अश्विन_क्योतो

९५ ला उत्तम होतो. स्ट्रॉबेरी खा आणि गप्प बसा.

सिंधुदुर्गी

चहा राहू दे बाजूला, या होजिचात भात शिजवतात असं ऐकलं, ते खरं का?

अश्विन_क्योतो

खरं. नारा भागातला चागायु. होजिचा सुती पिशवीत बांधून पाण्यात उकळायचा, रंग उतरला की पिशवी काढून घ्यायची, त्यात धुतलेले तांदूळ टाकायचे आणि मोठ्या आचेवर शिजवायचे. ढवळायचं नाही, ढवळलं की चिकट होतो. सुटा, पातळ, तपकिरी पाण्यातला भात. चिमूटभर मीठ. बरोबर खारवलेली लोणची. नाऱ्यात सकाळी खातात, उन्हाळ्यात गार करूनही. तोदाईजी मंदिरात दर मार्चला शुनिए नावाचं मोठं व्रत असतं, ७५२ पासून खंड पडलेला नाही म्हणतात. त्यातले भिक्षू रात्रीचे विधी आटोपल्यावर चागायु खातात.

सिंधुदुर्गी

म्हणजे पेज ती. आमच्याकडे उकड्या तांदळाची असते, आणि लोणच्याऐवजी सुकटाची चटणी. येत्या रविवारी उकड्या तांदळावर करून बघतो. आजीला आधी सांगणार नाही.

रेवा

आजीचा अभिप्राय जसाच्या तसा इथे टाका, काटछाट नको.

ओवी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रगती सांगते.

आधण, झाकण, मिनिटभर, तळापर्यंत गाळणं, सगळं मंजिरीच्या सांगण्याप्रमाणे केलं. नणंदेच्या ८० अंशांच्या चहाशी याचा संबंधच नाही. रंग लालसर मधासारखा आला आणि वास स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत गेला. बाबांनी टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं, ‘शेंगदाणे भाजतेस का?’ मी नुसता कप पुढे केला. एक घोट घेतला. मग दुसरा. मग म्हणाले, ‘हा चहा नव्हे. पण वाईट नाही.’ आमच्याकडे ही फार वरची श्रेणी आहे, माझ्या पुरणपोळीला अजून मिळालेली नाही.

दुधाचा विषय त्यांनी काढलाच नाही. चिक्कीचा तुकडा मात्र मागून घेतला, आणि आता तो रोज लागतो. साखर टाळायला हा बिनदुधाचा चहा दिला आणि चिक्की मागच्या दाराने घरात आली, असं सासूबाई म्हणतात.

झोपेचं म्हणाल तर सध्या मॅच चालू आहेत. काही प्यायलं नाही तरी ते जागेच असतात, त्यामुळे निकाल राखून ठेवला आहे. लोहाची गोळी ते सकाळी घेतात. फार्मसीवाले, ते लिहिलंत हे बरं केलंत, मी ती रात्री हलवणार होते.

आता शेवटचं. पाकिटं उघडली आहेत, पाऊस तोंडावर आलाय. फ्रिजमध्ये ठेवू का?

प्राजक्त

फ्रिज नको. बाहेर काढलं की थंड पानांवर दमट हवेचं पाणी धरतं, आणि रोज काढ-घाल केलीस तर महिन्याभरात लगदा. शिवाय होजिचा आजूबाजूचा वास ओढून घेतो, शेजारी लसूण असेल तर बघायलाच नको.

भाजके_पोहे

दोन लहान घट्ट झाकणांचे डबे कर. एकात आठवड्याचा, बाकीचा दुसऱ्यात, आणि दुसरा उगाच उघडायचा नाही. मसाल्याच्या मांडणीपासून लांब. आधी पानांचा संपव, तो लवकर मरगळतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये वास बसलाय असं वाटलं तर टाकून देऊ नकोस, कोरड्या कढईत मंद आचेवर मिनिटभर फिरव. धूर येऊ द्यायचा नाही, नुसता गरम करायचा. बराचसा परत येतो.